कोंबड्याचं कार्ड

चहा घ्या, पण घोट जरा सांभाळून. मी जी माती खाल्लीय ती ऐकताना चौघांच्या नाकातून चहा आलेला मी बघितलाय.

मी पप्या. दहावीला एकदा बसलो, गणितानं उठवलं. जव्हारात कुणाच्या सायकलची हवा गेली, कुणाच्या चपला झाडावर सापडल्या, की लोक पुरावाबिरावा शोधत नाय. सरळ आमच्या घरी येतात. पण ही गोष्ट चपलांची नाय. ही माझ्या भाच्याची, ओम्याची.

आमची सुमनताई दिलीय सूर्यमाळला. ओम्या तिचा पोरगा, साडेतीन वर्षांचा. दिसायला झकास, पळायला ससा, पण बोलायचं नाव नाय. आई नाय, पाणी नाय, काहीच नाय. हाक मारली तर मानही वळवायचा नाय. पाहिजे ते मिळालं नाय की जमिनीवर लोळून डोकं आपटायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जव्हारला दर गुरुवारी एक मॅडम येतात, बिहेवियर थेरपी करतात, तिकडं दाखवा. आता सूर्यमाळहून दर आठवड्याला पोर काखोटीला मारून कोण येणार? म्हणून ताई ओम्याला घेऊन माहेरीच राहायला आली. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या चंद्रामावशींनी, सोडलं पण घड्याळ लावून. त्याचा बापपण पाच वर्षांचा झाल्यावर बोलला होता म्हणे. मावशी म्हणाल्या, होळीपर्यंत काय ते बघा, नायतर गप घरी या.

म्हणून ताईला ह्या सगळ्यात हसू येत नव्हतं. हसू मला येत होतं. तिथंच तर बोंब झाली.

मला वाटलं होतं थेरपी म्हणजे मशीन असेल, डोक्याला वायरी लावतील. तर मॅडम बसल्या फरशीवर, आणि साबणाचे फुगे उडवायला लागल्या! एकदा फुंकलं, ओम्या नाचला. मग झाकण लावून गप बसल्या. नुसत्या थांबल्या. एवढं थांबल्या की मलाच म्हणावंसं वाटलं, अहो उडवा ना. शेवटी ओम्यानं त्यांच्याकडं बघितलं. लगेच फुंकलं.

मग आमच्या आईला विचारलं, ह्याला तहान लागली की काय करता? आई अभिमानानं म्हणाली, मला न सांगता कळतं, मी आधीच पेला तोंडाला लावते. मॅडम हसल्या. मागायच्या आधीच सगळं मिळतं, तर मागेल कशाला?

मग त्यांनी कार्डं सांगितली. ओम्याला आवडणाऱ्या वस्तूंचे फोटो काढायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे. बुटाला असते ना चरचर उघडणारी पट्टी, तसल्या पट्टीनं ती कार्डं एका पाटीवर लावायची. पाणी पाहिजे तर त्यानं पाण्याचं कार्ड काढून आपल्या हातात द्यायचं, आपण पाणी द्यायचं. नियम एकच. त्यानं मागितलं की लगेच द्यायचं, घरातल्या प्रत्येकानं. नायतर त्याला वाटेल मागून उपयोग नाय.

फोटोचं काम माझ्याकडं आलं. पाण्याचा माठ, बिस्कीट, केळं, चेंडू, झोपाळा. फोटो स्टुडिओवाला एका कागदावर सहा फोटो काढतो, माझ्याकडं पाचच होते. एक जागा रिकामी. आणि माझ्या हातात रिकामी जागा देणं म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

आमच्या शेजारी रशिदाचाची राहतात, शिलाईकाम करतात. त्यांचा कोंबडा आमच्या अंगणात येऊन मालकासारखा फिरतो. मी त्याचा फोटो काढून सहावा टाकला.

महिनाभर ताईनं घासघास घासून ओम्याला पाणी आणि बिस्कीट मागायला शिकवलं. एक दिवस ती कपडे धुवायला गेली, आणि त्यानं सहज कोंबड्याचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. आता मी कोंबडा कुठून देणार? मी खाटेवर चढलो, कोपरं फडफडवली आणि आरवलो.

ओम्या असा हसला की खाली बसला. परत कार्ड. परत आरवलो. ताई येईपर्यंत माझा घसा गेला होता. मी तिला काहीच सांगितलं नाय.

दुसऱ्या दिवशी मी मित्रांबरोबर गावाबाहेर शिरपामाळला होतो. ताईचा फोन. ओम्या कोंबड्याचं कार्ड आईला देतोय, आईला कळत नाय, तो लोळायच्या बेतात आहे, ह्या कार्डाला द्यायचं काय असतं? मी सांगितलं. ताईनं आईला सांगितलं. नियम तिला पाठ होता ना. आणि फोन कापायच्या आधी मला ऐकू आलं. आमची आई. एकादशी धरणारी बाई. ती आरवत होती. घाबरत घाबरत, पण आरवत होती.

मग काय, पोराला चटकच लागली. आमच्या आप्पांची डेपोसमोर चहाची गाडी. ओम्यानं तिथं जाऊन गिऱ्हाईकांच्या देखत त्यांना कार्ड दिलं. आप्पांनी पोराकडं बघितलं, गिऱ्हाईकांकडं बघितलं, किटली खाली ठेवली, आणि आरवले. एकदाच, पण बेंबीच्या देठापासून. एका कंडक्टरनं विचारलं, काय आप्पा, आज चहाबरोबर चिकन का?

इकडं भर दुपारी आमच्या घरातून आरवणं ऐकून रशिदाचाची चार वेळा मशीन सोडून बाहेर यायच्या, मेरा मुर्गा कोई ले गया क्या बघायला. मुर्गा आपला भिंतीवर. त्याचा तर टाईमच बिघडला. तो आम्हाला उत्तर द्यायला लागला.

इथपर्यंत मी खूश होतो. मग एका संध्याकाळी ओम्याला तहान लागली. माठाचं कार्ड पाटीवर होतं. त्यानं ढुंकून बघितलं नाय. कोंबडा दिला, आई आरवली. परत कोंबडा दिला. ओठ सुकलेले, आणि पोरगं कोंबडा मागतंय. शेवटी आडवं पडलं आणि डोकं आपटलं, महिन्यापूर्वी आपटायचं तसंच.

ताईनं त्याला उचललं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "महिनाभर मी त्याला पाणी मागायला शिकवलं रे पप्या. तू चार दिवसांत पुसलंस."

होळीला दहा दिवस होते.

गुरुवारी मी मॅडमच्या खोलीत दाराजवळ बसलो, पळायला सोपं. ताईनं सगळं सांगितलं, आप्पांसकट. मॅडमनी विचारलं, कार्ड देताना तो तोंडाकडं बघतो का? ताई म्हणाली, बघतो, कधी आरवताय म्हणून टक लावून बघतो. आणि कुणाकुणाला देतो? ताईनं बोटं मोजली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. जो पोरगा कुणाकडं बघत नव्हता, तो घरातल्या सगळ्यांकडं बघायला लागलाय, म्हणाल्या.

मी जरा सरळ बसलो. तेवढ्यात त्या माझ्याकडं वळल्या. पाण्याचं कार्ड आता माठाजवळच लावायचं. कोंबड्याचं फक्त खेळायच्या वेळी. आणि लगेच आरवायचं नाय. त्यानं कार्ड दिलं की ताईनं त्याच्या वतीनं 'मामा' म्हणायचं, मामानं तोंड उघडून थांबायचं, त्याच्या घशातून जरासा आवाज आला तरी आरवायचं.

"आणि घरात आरवणार एकच," मॅडम म्हणाल्या. "ज्यानं सुरू केलं तो."

झालं. मी घरचा अधिकृत कोंबडा. रोज सकाळ-संध्याकाळ खाटेवर तोंड उघडून बसायचो. ताई म्हणायची 'मामा', ओम्या नुसता माझा जबडा बघायचा. कधी 'म्म' यायचं, कधी तेही नाय. पण पाणी परत मागायला लागला. ताई मला परत जेवायला वाढायला लागली.

होळीच्या दोन दिवस आधी चंद्रामावशी सकाळच्या एसटीनं आल्या. ताईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ते कार्ड लपव, तुझा तमाशा त्यांच्यासमोर नको. मी खिशात टाकलं.

ओम्यानं माठाचं कार्ड काढून ताईला दिलं, पाणी घेतलं. आम्ही सगळे मावशींकडं बघत राहिलो.

"कागूद देतो," मावशी म्हणाल्या. "बोलतो कुठं?"

ताईनं समजावलं, आधी कार्ड, मग शब्द, मॅडम म्हणतात वेळ लागतो. मावशी वाईट बाई नाय हो. पण होळी आली, म्हणाल्या, पोराचे कपडे भर. ताई पिशवी काढायला उठली.

तेवढ्यात ओम्या पाटीजवळ गेला. कोंबड्याच्या जागेवर नुसती पट्टी. त्यानं ती नखानं खरवडली, खालचा ओठ बाहेर आला. मला वाटलं, आता आडवं पडणार, तेही मावशींसमोर. माझा हात खिशात गेला.

पण पडला नाय. सगळ्यात जवळ मावशी होत्या. त्यानं त्यांचं बोट धरलं आणि ओढत मागच्या दाराकडं नेलं. आम्ही पाठोपाठ. अंगणात धुण्याच्या दगडावर चाचींचा कोंबडा उभा. ओम्यानं त्याच्याकडं बोट केलं, मावशींच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला,

"मामा."

कुणी हललं नाय. त्याला वाटलं आम्हाला कळलं नाय. परत बोट केलं. "मामा."

ताई पिशवी घेऊन दारातच खाली बसली. आई पदर तोंडाला लावून. मावशींनी ओम्याला कडेवर घेतलं, बराच वेळ त्याची पाठ थोपटली, आणि ताईला म्हणाल्या, "ठेव ती पिशवी. ने त्याला मॅडमकडं."

सगळे रडत होते. मग मीच म्हटलं, पोराला खरं काय ते कळायला पाहिजे. मी मावशींना नीट समजावून सांगितलं, की मामा मी, तो कोंबडा, पोराचं जरा चुकलंय.

मावशींनी दगडावरच्या कोंबड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तेव्हा मी केस पुढून लाल करून उभे केले होते, ते त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट बघितले.

"कुठं चुकलंय?" त्या म्हणाल्या.