शेवटचे चार खिळे

धुळ्याहून जळगावला येणाऱ्या एसटीत मी आणि माझा कॉलेजातला मित्र शब्दांचा खेळ खेळत होतो. शेवटी ‘शन’, म्हणजे tion, येणारे इंग्रजी शब्द लिहायचे. स्टेशन, इलेक्शन, पेन्शन झालं आणि आम्ही अडलो.

शेजारचे टोपीवाले आबा अहिराणी ढंगात म्हणाले, “पेन्शन खोडा. त्याचे शेवटचे खिळे वेगळे शेत.” मग एका दमात त्यांनी तीसेक शब्द सांगितले. प्रत्येक शब्दाला त्यांची चिमूट हवेतून काहीतरी उचलून डाव्या तळहातावर ठेवत होती.

मी थक्क झालो. “आबा, तुम्ही इंग्रजीचे मास्तर होतात का?”

“नही भाऊ. छापखान्यात जुळारी होतो. खणातून अक्षरांचे खिळे उचलून जुळवायचे, बस. अर्थ एकाचाबी माहीत नही.” मग म्हणाले, “एकाचा शे. टर्मिनेशन. मिलमधून माणसं काढायच्या चिठ्ठ्या मीच जुळवल्या. छापखान्याचा मालक म्हणाला, काम सुबक झालं. आठ दिवसांनी त्यातलीच एक माझा मोठा मुलगा घरी घेऊन आला. तेव्हा अर्थ विचारला.”

मित्राने कागद खिशात घातला.

आबांची चिमूट मात्र चालूच होती. आता ती तळहातावरचं एकेक अक्षर उचलून परत हवेतल्या खणात ठेवत होती.