अण्णांच्या विहिरीवरचा डबा

मी जर्मनीला निघालो त्या सकाळी नेमकी लाईट आली. नेकनूरच्या स्टँडवर आख्खी भावकी जमलेली, माझ्या गळ्यात झेंडूचे हार, बीडची गाडी लागलेली आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, गायब. थ्री फेजची लाईट आली की विहिरीवर जाऊन मोटार चालू करायची, मग पोरगा परदेशी जावो नाहीतर चंद्रावर. गाडी हलायच्या बेताला ते आले, पाय चिखलानं भरलेले. खिडकीशी येऊन म्हणाले, "वायरलेसचं शिकायला चाललास न्हवं? मंग घरबसल्या मोटार चालू व्हईल असं कायतरी कर. लई पळावं लागतंय बघ." मी "करतो की" म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो.

तिथं जाऊन मी वायरलेसचंच केलं. चाकांवरचे छोटे रोबो एका हॉलमध्ये फिरतात, एकमेकांना निरोप देतात. त्यातल्या एखाद्याची रेंज गेली तर त्यानं काय करायचं, हा माझ्या संशोधनाचा विषय. पीएचडी झाली, लॅबमध्येच नोकरी लागली, पेपर छापून आले. फ्लॅट, हीटर, वीकेंडची लाँड्री, सगळं बस्तान बसलं. फोनवर अण्णा विचारायचे, "काम कुठवर आलं?" मी म्हणायचो, "चाललंय." ते समाधानानं "चालू दे" म्हणायचे. ते कुठल्या कामाचं विचारतायत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

यंदा गावी गेलो तेव्हा कळलं. शेजारचे शिवाकाका ओट्यावर बसल्या बसल्या मोबाइलवरून आपल्या मोटारीला फोन लावत होते. पलीकडून एक बाई म्हणाली, "मोटार सुरू झाली आहे." फोन लावला की मोटार चालू-बंद करणारा हा डबा आता जवळजवळ प्रत्येक विहिरीवर आहे, बीडला दुकानात सहज मिळतो. फक्त अण्णा अजून काठी टेकत रानात जातात. मी शिवाकाकांना कारण विचारलं.

"लई सांगितलं त्यास्नी. म्हणत्यात, माझं पोरगं त्याच कामावर हाय, मी बाजारातला डबा काहून आणू? लोक काय म्हणतील त्याला?"

मला मान वर करवेना. माझी अब्रू राखायला हा माणूस इतकी वर्षं चिखल तुडवत होता, आणि मी सूटबूट घालून परिषदांमध्ये रेंजवर भाषणं ठोकत होतो.

दुसऱ्याच दिवशी बीडहून डबा आणला. विकत आणलाय, हे अण्णांना सरळ सांगायचं ठरवलं होतं. पण मी डबा बसवायला घेतला तसे शिवाकाका आले, मागून आणखी चारजण आले, आणि सांगायचं सोडून मी वायरी जोडत बसलो. सगळं जोडून झालं. अण्णांच्या हातात मोबाइल दिला, त्यांनी फोन लावला. "मोटार सुरू झाली आहे." तीच बाई, गावातल्या सगळ्या डब्यांत बोलणारी. शिवाकाका माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, विहिरीत उडी टाकावी.

अण्णांनी शांतपणे फोन बंद केला. "पोरानं केलंय," ते सगळ्यांना म्हणाले. मग पाट बघायचं निमित्त करून मला बाजूला नेलं आणि हळूच म्हणाले, "झालं तुझं काम. आता सुखानं जा."

परत जर्मनीला आलो, पण सुखानं कसला. तुम्ही गावात राहिलेले मला अजून मोठा इंजिनिअर समजता, आणि माझ्यासारखे निघून आलेले तुम्ही, तुमचीही कुणीतरी अशीच वाट बघत असेल. माझ्या नावावर गावात एकच यंत्र आहे आणि ते मी बनवलेलं नाही. शिवाकाका फोनवर सांगत होते, अण्णांनी त्या डब्याला पोत्याचं तरट शिवलंय, पावसानं भिजू नये म्हणून. बरोबर कंपनीचं नाव झाकलं जाईल असं शिवलंय. घर कुठंय असं कुणी विचारलं की मला आता ते तरट आठवतं.