बायांच्या बाजूचे हात

चहाच्या कंपनीची जीप पांढुर्ण्याच्या बाजारात आली, तेव्हा माझी मोठी बहीण दिवाळीपासून आमच्याकडेच होती. लोधीखेड्याला दिली होती तिला. नवरा मारायचा. पाठीवरच्या वळांना मीच हळद लावली होती. तरी बाबांचं आपलं एकच, "अजून एक पोट्टी उजवाची आहे मले." ती उजवायची पोट्टी म्हणजे मी. माझ्या लग्नापायी तिला पुन्हा त्या कसायाच्या दारात धाडायचं! आजही आठवलं की डोकं भणभणतं.

जीपवरचा भोंगा सांगत होता, रविवारी शाळेच्या मैदानात बायांची गाण्याची स्पर्धा, पहिल्या नंबराला शिलाई मशीन. परीक्षक कोणी नाही, निकाल पब्लिकच देणार. बहिणीला कपड्यांचं कटिंग येत होतं. तिनं धीर करून विचारलं, "बाबा, मशीन भेटली तं राहू द्याल मले?" बाबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "आपलं आपण कमावशीन तं राह्य." इकडे जावयाचा निरोप येऊन पडला होता, सोमवारी न्यायला येतो म्हणून.

मैदानात मधे दोरी बांधली होती. एका बाजूला माणसं, एका बाजूला आम्ही बाया. काळा चष्मा लावलेला माइकवाला नागपूरचा होता, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा. त्याच्या लोकांनी कागदाचे तुकडे अन् पेन्सिली वाटल्या. गाणं ऐकून मनात येईल ते लिहा, नाव घालू नका, मी माइकवर वाचतो, म्हणाला.

बहीण दळणावरची गाणी गायली. पेटी नाही, तबला नाही. काय सांगू, बायांचे डोळे पुसून पुसून लाल झाले! अन् मग आमच्या बाजूनं चिठ्ठ्या निघाल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या माझ्या कानात सांगायच्या, मी लिहायची. माइकवाला वाचत गेला, "या बाईले पुन्हा गाऊ द्या." "मले माह्या मायची आठवण आली." माणसं आधी हसली, मग चूप झाली. बहिणीनं स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं अन् हसली. दिवाळीपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला तर वाटलं, मशीन घरी आलीच.

"अब चिठ्ठी नहीं, हाथ ऊपर!" माइकवाला ओरडला. जिच्या नावाला जास्त हात, मशीन तिची. आधी एका दुकानदाराच्या पोरीचं नाव घेतलं. ती सिनेमातलं गाणं गायली होती. दोरीपलीकडे हातांचं रान उठलं. मग माझ्या बहिणीचं.

मी दोन्ही हात वर केले. अजून चार-दोन कुवाऱ्या पोरींनी केले. लग्न झालेल्या बाया मात्र तशाच बसल्या. पलीकडे कोणाचा सासरा, कोणाचा जेठ, म्हणजे मोठा दीर. त्यांच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. हात वर केला की पदर घसरणार, दंड उघडा पडणार. "तू कर ना वो." "तूच कर आधी." कुजबुजच सारी. मी आईला ढोसलं, "आई, हात कर!" पलीकडे पहिल्याच रांगेत माझे आजोबा, म्हणजे आईचे सासरे, बसले होते. आईनं हनुवटीखालचा पदर अजून घट्ट धरला. बहीण स्टेजवरून आईकडेच पाहून राहिली होती.

मशीन दुकानदाराच्या पोरीनं नेली. तिच्या घरी आधीच एक होती. देव देते अन् कर्म नेते म्हणतात. आग लागो त्या म्हणीले! इथं कर्माचा काय संबंध?

जेवताना आजोबा म्हणाले, "पोट्टी गोड गायली. माणसाइच्या बाजूनं मी एकट्यानंच हात केला तिच्यासाठी. तुम्ही बायांनी काऊन नाही केला? घरच्या मायनंबी नाही केला."

आई चुलीजवळ पाठमोरी. सासऱ्याशी ती जन्मात समोरून बोलली नव्हती. माझंच तोंड सुटलं, "तुमच्यापायीच नाही केला, आबाजी!"

आजोबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी कधी नाही म्हटलं?" ते म्हणाले. खरंच, त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांना कोणी कधी विचारलंही नव्हतं.

सोमवारी जावई आला. आईनं बहिणीची ओटी भरली. अर्धे तांदूळ खालीच सांडले. "मले माफ कर बाई," आई म्हणाली. बहीण वाकून पाया पडली. मला वाटलं, आता तरी बोलेल, भांडेल, दोन शब्द सुनावेल.

तिनं आईचे डोळे पुसले. म्हणाली, "रडू नको वो माय. तुह्या जागी मी असती, तं म्यानंबी हात नसता केला."