निष्काळजी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वेणूमावशीला ओळखत नाही — आणि ओळखत नाही म्हणूनच माझं तोंड उघडतंय.

मिरची सुकवण्याच्या यंत्राची हकिगत आमच्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. एका शिकलेल्या पोराने इंटरनेटवर मोहीम काढली, लोकांकडून पैसे गोळा केले, यंत्र काही आलं नाही. एवढं मी चारचौघांत कबूल करतो. हसत हसत करतो. "अनुभव कमी पडला," म्हणतो आणि लोक मान डोलावतात. पदवी असली की माणसाचं अपयशसुद्धा चांगलं दिसतं, नाही का? पण ती हकिगत म्हणजे झाकण आहे. झाकणाखाली जे आहे ते —

थांबा. आधी मावशी.

आमचं घर रनाळ्याचं. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. लोणखेड्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा नंदुरबारला मावशीकडे राहिलो आणि तिथून एसटीने ये-जा केली. मावशी आईची थोरली बहीण, विधवा, मूलबाळ नाही. ती पथारीवर कामाला जायची. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात व्यापारी ओली लाल मिरची वाळत घालतात, त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. बायका मिरची पसरतात, उलटतात, सुकली की देठ खुडतात. मावशी त्या बायकांची मुकादम होती. गल्लीतल्या बायका तिच्या शब्दावर कामाला यायच्या आणि शेठ तिच्या शब्दावर त्यांना लावायचा. तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. तो शब्दच होता.

माझा पास, माझी पुस्तकं, माझी पहिली इस्त्रीची पँट त्या तिखटातून आली. माझ्या पुस्तकाला हात लावायचा तर ती आधी हात तेलाने चोळून धुवायची. पानांना तिखट लागेल, मग ते माझ्या डोळ्यांत जाईल, म्हणून. हे मी कॉलेजच्या निरोप समारंभात सांगितलं होतं, तेव्हा सरांचे डोळे भरून आले होते. कृतज्ञतेवर मी फार छान बोलतो.

अवकाळी पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, तिला बुरशी धरते आणि बायका घरी बसतात. त्यावरून मला यंत्र सुचलं. पत्रा, काच, पंखा — उन्हावर चालणारी पेटी. पुण्याच्या एका मित्राने आकृती काढून दिली. आम्ही एक पेटी बनवली आणि मिरची घालून पाहिली. वरच्या ताटातली जळून काळी पडली, खालच्या ताटातली कुजली. हे आम्ही मोहीम सुरू करण्याआधी पाहिलं होतं. आधी — हा शब्द मी आजवर कुणासमोर उच्चारलेला नाही.

तरी व्हिडिओ काढला. त्यात मावशी होती. एका दाराने ओली मिरची आत घालायची आणि दुसऱ्या दाराने सुकी बाहेर काढायची. सुकी मिरची तिनेच पथारीवरून पदरात आणली होती. मी तिला सांगितलं, सुकायला तीन दिवस लागतात, तोवर कॅमेरा कोण धरून बसणार? ती हसली. "आतेच टाकी, आतेच सुकी गयी. जादू शे का रे बापू?" ते हसू कॅमेऱ्यात आलं. मित्र म्हणाला, हेच ठेव, लोक या चेहऱ्याला पैसे देतील.

दिले. मुंबई-पुण्याच्या अनोळखी लोकांनी दिले, आणि गल्लीतल्या बायकांनीही दिले. मावशी घरोघरी गेली. पाऊस पडला तरी आपलं यंत्र असेल, आपली मिरची, आपलं काम, असं तिने सांगितलं. प्रत्येकीने एकेका दिवसाची मजुरी दिली. मोहिमेच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. पाठबळ देणे म्हणजे वस्तू विकत घेणे नव्हे, वस्तू मिळेलच याची हमी नाही. ती ओळ मराठीत मीच लिहिली होती. बायकांना सगळं पान वाचून दाखवलं तेव्हा तेवढी ओळ गाळली.

पैसे गेले कुठे? थोडे पत्र्यात गेले. थोडे मित्राकडे. उरलेल्यावर मी पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. आज जी नोकरी आहे ती त्यातूनच लागली.

लोक विचारू लागले. शहरातले लोक त्या पानावर लिहायचे आणि बायका यंत्र कधी येणार म्हणून मावशीला टोचायच्या. "वेणूआक्का, तुन्हा भाचानी मशीन कवय ई वं? का तीबी पानीमा भिजी गयी?" मावशी हसण्यावारी न्यायची. मला मात्र काहीतरी उत्तर लिहावंच लागणार होतं.

मी एक निवेदन लिहिलं. सुरेख मराठीत. शाळेत ज्या भाषेला मला शाबासकी मिळायची, त्याच भाषेत. "स्थानिक हाताळणीतील निष्काळजीपणामुळे यंत्राचे भरून न येणारे नुकसान झाले. छायाचित्रातील महिला इतकी निष्काळजी निघेल याची आम्हाला कल्पना नव्हती. तिच्यावर विश्वास टाकला, ही आमची चूक." खाली मावशीचा फोटो. तोच, हसरा.

तिने पेटीला व्हिडिओनंतर हातसुद्धा लावला नव्हता.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरेच दिवस असं वाटायचं. असं वाटून घेणं सोपं होतं. घाबरलो, दोष दुसऱ्यावर ढकलला, माणसं असं करतातच. पण मी अजून तिथे पोचलेलोच नाही.

निवेदन मोबाइलवर गावभर फिरलं. मावशीला अक्षरओळख नाही. घरी अहिराणी, पथारीवरही अहिराणी. छापील मराठी तिच्यासाठी कचेरीची भाषा. मी नंदुरबारला आलो त्या संध्याकाळी ती शेजारणीचा फोन घेऊन माझ्यासमोर बसली. "मन्हा फोटू शे. वाची दाखाड."

मी वाचलं. म्हणजे नजर अक्षरांवरून फिरवली आणि तोंडाने दुसरंच बोललो, तिच्या भाषेत. मशीन बिघडली, पण वेणूबाईने फार जीव लावला, तिच्यासारखी बाई शोधूनही सापडायची नाही, असं काहीतरी. तिने फोन पदराने पुसला. मग म्हणाली, "ती शेजारीननी सून म्हने, तठे निष्काळजी लिखेल शे. ते काय ऱ्हास?"

ती वेळ होती. एवढीच एक वेळ होती. खरं सांगायचं नव्हतं तर निदान गप्प बसता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. मी काय केलं? मी शब्दाची फोड केली, वर्गात फळ्यावर करतात तशी. काळजी म्हणजे काळजी. निष् म्हणजे नाही. "जिले कसानीच काळजी नही, ती निष्काळजी."

तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "मन्हा जल्ममा माले आसं कोनी म्हनं नही."

त्या रात्री मी मित्राला फोनवर हे सांगितलं. तिचा आवाज काढून सांगितलं. आम्ही दोघे पोट धरून हसलो. हो — हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती तो शब्द घेऊन हिंडू लागली. ज्या बायकांनी तिच्या शब्दावर पैसे दिले होते, त्यांच्याच ओट्यावर बसून ती सांगायची, "मी निष्काळजी शे. मन्हा भाचानी लिखेल शे." तो शब्द कळणाऱ्या सुना-मुली दोन-चार घरांत होत्याच. त्यांनी बाकीच्यांना सांगितला. मावशीला कुणीच सांगितला नाही. कशाला सांगतील? त्यांना वाटलं, आपले पैसे बुडवून ही वर तोऱ्याने मिरवते. आमच्या गल्लीत बायका भांडल्या तर मोठ्याने भांडतात. मावशीशी त्या भांडल्यासुद्धा नाहीत. तिच्या शेजारी बसणं बंद झालं.

पुढचं मला तिनेच सांगितलं, दारात भांडी घासता घासता. शेठने तिला बोलावून विचारलं, मोबाइलवर लिहिलेली ती निष्काळजी बाई तूच का? "मी सांगं, हां शेठ, मीच. तो हसना बी नही. मंग त्यानी दुसरीले मुकादम करं." तिने राख घेतली, पातेलं पुन्हा घासलं. "काय चुकनं रे बापू?"

मी म्हणालो, शेठ लोकांचं काही खरं नसतं.

आता ती दुसरीच्या हाताखाली देठ खुडते, एका कडेला बसून. मशीनचं तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीचं घर हेच माहेर म्हणून ती रनाळ्याला आली. आम्हीही मुलीला घेऊन गेलो होतो. मुलगी चार महिन्यांची. मावशीने आल्याबरोबर तेल मागितलं, हात कोपरापर्यंत चोळले, साबणाने धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले. मग मुलीला मांडीवर घेतलं आणि कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "मन्ही माय, जल्मभर निष्काळजी ऱ्हाय."

परत येताना बसमध्ये बायको हसत म्हणाली, "मावशींना निश्चिंत म्हणायचं असेल. हा भलताच शब्द कुणी शिकवला त्यांना?"

मी म्हणालो, "ऐकला असेल कुठेतरी."