उंच पायऱ्यांची गाडी

माझं माहेर झरीचं. झरीला रेल्वे नाही. लग्न होऊन पेडगावला येईपर्यंत मी गाडीत बसले होते ती एकदाच, लहानपणी, मावशीच्या मांडीवर. सासर मात्र स्टेशनच्या इतकं जवळ, की शिट्टी ऐकू आली की चुलीवरचं दूध हलायचं असं माझे दीर म्हणायचे. परभणीच्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि रोजचं जाणंयेणं सुरू झालं. तेव्हा मला गाडीत बसायला शिकवलं ते माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

आत्याबाई ठेंगण्या. माझ्या खांद्याला लागायच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मेथी, शेपू, कोथिंबिरीची टोपली. मळ्यातली भाजी त्या रोज परभणीच्या बाजारात नेऊन विकायच्या. घरी भाजी विकायची काही नड नव्हती. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरवर्षी म्हणायचे, "आता बस कर. लोक काय म्हणतील?" त्यावर आत्याबाई म्हणायच्या, "लोक म्हणतील, भाजी ताजी हाय."

तेव्हा आमच्याकडे बारकी गाडी होती. अरुंद रुळांची, निजामाच्या काळापासूनची. डबे लहान, पायऱ्या खाली. फलाट म्हणजे नुसता मुरुमाचा पट्टा, पण गाडीच ठेंगणी असल्यामुळे चढताना काही वाटायचं नाही. आत्याबाई टोपली आत सरकवायच्या, दांडीला धरायच्या आणि घराचा उंबरा ओलांडावा तसं आत जायच्या. बाकावर बसायच्या नाहीत. दाराशी खाली बसून वाटेभर जुड्या बांधायच्या. मी बाकावर बसून मुलांच्या वह्या तपासायचे. ती नामांतराच्या चळवळीची वर्षं होती. परभणी बंद असली की एसटी थांबायची. बारकी गाडी मात्र उशिरा का होईना, यायचीच.

मग एके दिवशी बातमी आली की बारकी लाइन जाणार आणि मोठी येणार. गाडी बंद झाली. रुळाच्या कडेला मजुरांच्या झोपड्या पडल्या, सिमेंटचे स्लीपर येऊन पडले, जुने लाकडी स्लीपर उपटून स्टेशनामागे रचले गेले. आम्ही जीपने जाऊ लागलो. टोपली जीपच्या टपावर जायची आणि परभणीत उतरेपर्यंत मेथी मान टाकायची. काही दिवस आत्याबाईंनी हे सोसलं. मग म्हणाल्या, "मेलेली भाजी म्या इकत नसते," आणि घरी बसल्या.

घरी बसलेल्या आत्याबाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. त्या अवघड होत्या. भाकरी माझी जाड व्हायची, गाईला वैरण मामंजींची कमी पडायची. दुपार झाली की त्या ताकाची कळशी घेऊन रुळावर जायच्या. मजुरांच्या मुकादमाला ताक द्यायच्या आणि रोज एकच विचारायच्या, "मुकादम, कवा यायलीय गाडी?"

तो म्हणायचा, "आजी, तुमचं ताक आवडायलंय. गाडी आली की ताक बंद व्हईल. म्हणून हळू करायलोय."

आत्याबाई हे घरी येऊन सांगायच्या आणि हसायच्या. त्या दिवसांत त्यांचं हसणं तेवढंच.

अखेर गाडी आली. पहिल्या दिवशी अर्धं गाव स्टेशनवर. आंब्याच्या डहाळ्या, झेंडूचे हार, ताशा. आत्याबाई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसल्या होत्या आणि पहाटेच काढलेल्या कोथिंबिरीने टोपली गच्च भरली होती. गाडी वळणावर दिसली तेव्हा सगळे ओरडले, आणि ती जवळ आली तेव्हा सगळे गप्प झाले. एवढी मोठी वस्तू आमच्या स्टेशनात याआधी कधी आली नव्हती. विटकरी रंगाचे डबे डोक्यावरून सरकत गेले. खिडक्या इतक्या उंच की आत बसलेल्यांची फक्त तोंडं दिसत होती. इंजिनावर नारळ फोडायला सरपंचांना एकाच्या खांद्यावर हात ठेवून टाचा उचलाव्या लागल्या.

रूळ नवे होते, डबे नवे होते. फलाट मात्र तोच, मुरुमाचा.

मी पर्स गळ्यात अडकवून चढले. पहिलीच पायरी मांडीइतकी उंच आणि वरच्या शिडीसारख्या उभ्या. आत्याबाईंनी टोपली वर दिली, मी ती ओढून घेतली. मग त्यांनी दांडीकडे हात केला. हात पोचला, पाय पोचेना. त्यांनी काष्टा सावरून पुन्हा पाय उचलला. मागून कुणीतरी म्हणालं, "आजीला उचला रे!" दोघं पुढं आले, तशा त्या एकदम मागे झाल्या. "हात लावायचा न्हाई," म्हणाल्या. कुणीतरी हसलं. शिट्टी झाली आणि गाडी हलली.

मी दारात, टोपली माझ्या पायाशी, आणि आत्याबाई खाली इरकली लुगड्यात. "आत्याबाई!" एवढंच ओरडले. त्या गाडीबरोबर चार पावलं पळाल्या आणि हात उंचावून ओरडल्या, "टोपली इक! वाळू देऊ नको! जुडी फोडू नको!"

परभणीला उतरले तेव्हा शाळेला थोडा वेळ होता. टोपली डोक्यावर घ्यायची मला सवय नव्हती, म्हणून कडेवर घेतली, लेकरासारखी. बाजारात आत्याबाईंची जागा मला माहीत होती. शेजारी एक लिंबंवाली बसायची. तिनं मला पाहिलं, टोपली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "माय! म्हातारी बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत. गाडीत चढता आलं नाही."

"मंग बस. उभं राहून भाजी इकत नसतेत."

मी पाचवारी साडीत, घड्याळ लावून, पोत्यावर बसले. वर्गात साठ पोरांपुढे न अडखळणारी मी, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी लिंबंवालीच माझ्या वाटचं ओरडली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई. तिनं कोथिंबीर उचलली, वास घेतला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जुडी परत ठेवली.

"बाई, तुमी?"

"हो. घ्या ना. ताजी आहे."

तिनं लाजत दोन जुड्या घेतल्या. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिथंच उभी राहून येणाऱ्या बायकांना सांगू लागली, "आमच्या पोरीच्या बाई हायत. घ्या, घ्या." टोपली बघता बघता निम्मी झाली. उरलेली घेऊन मी शाळेत गेले, अर्थात उशिरा. मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टोपलीत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन जुड्या माझ्या टेबलावर ठेवा आणि वर्गावर जा."

बाकीच्या जुड्या मधल्या सुट्टीत इतर शिक्षिकांनी घेतल्या. संध्याकाळी घरी आले. रिकामी टोपली पाहून आत्याबाईंनी मान हलवली, एवढंच. लुगडं बदललेलं होतं. आम्ही जेवायला बसलो. मामंजींनी सुनावलं, "मी म्हणतच होतो, वय झालं." त्या उठल्या आणि ताट तसंच ठेवून मागच्या दारी गेल्या. मी मागोमाग गेले. त्या दगडावर बसून होत्या.

"खरं सांग," त्या म्हणाल्या, "मी म्हातारी झाले का गाडी उच झाली?"

"गाडी उंच झाली, आत्याबाई."

"मंग हसायला काय झालतं लोकायला?"

मी त्यांच्याजवळ बसले.

पुढचे काही दिवस टोपली मीच नेली. बाजारात माझा आवाज फुटू लागला होता, आणि लिंबंवाली मला शिकवत होती. पण आत्याबाई रोज मला सोडायला स्टेशनवर यायच्या. मला वाटायचं, टोपलीच्या काळजीनं येतात. त्या बघायच्या ती पायरी. कधी छातीला हात लावून, कधी कमरेला, त्या उंची मनात घेऊन घरी जायच्या.

एका रविवारी अंगणातून मामंजींचा आवाज आला, "अगं, ते कामून काढायलीस?" बाहेर येऊन पाहते, तर पाण्याच्या घागरी जमिनीवर उतरवलेल्या, आणि त्या ठेवायची लाकडी घडवंची आत्याबाई उचलून बैलगाडीकडे नेत होत्या. गाडी बिनबैलाची, दांड्या दगडावर टेकवलेली. त्यांनी घडवंची गाडीच्या मागे टेकवली, तिच्यावर पाय दिला, साटीच्या लाकडी चौकटीला धरलं आणि वर गेल्या. मग उतरल्या. पुन्हा चढल्या.

"पडशील!" मामंजी धावले.

"पडते का धरता?"

मामंजींनी घडवंची धरली. एरवी लोक काय म्हणतील म्हणणारा तो माणूस ऊन चढेपर्यंत अंगणात उकिडवा बसून होता, आणि त्या चढत होत्या, उतरत होत्या. शेवटी तेच म्हणाले, "मागं राहिलेली घडवंची वर कशी घेशील? दावं बांध तिला." आणि गोठ्यातून दावं आणून त्यांनीच गाठ मारली.

सोमवारी आम्ही स्टेशनवर गेलो. मी टोपली घेतलेली, त्यांच्या काखेत घडवंची. स्टेशनमास्तर तरुण होते, परगावचे. त्यांनी अडवलं.

"आजी, हे रुळाजवळ ठेवता येणार नाही. चाकाखाली गेलं तर?"

"दावं बांधलंय, साहेब. सून वर वडून घेती."

"आणि गाडी सुटली तर?"

"तुमी सोडू नका ना मंग."

मास्तरांना हसू आलं, पण ते पटकन आवरून त्यांनी घडवंची हलवून पाहिली, गाठ ओढून पाहिली. मग म्हणाले, "आजच्या दिवस. मी स्वतः उभा राहतो. मी सांगेपर्यंत चढायचं नाही."

गाडी थांबली. मी वर चढले, टोपली घेतली, दाव्याचं टोक हाताला गुंडाळलं. मास्तरांनी घडवंची पायरीला लावून पायानं दाबून धरली आणि गार्डला हात करून थांबायला सांगितलं. आत्याबाईंनी एक पाय दिला, दांडी धरली आणि आल्या की वर! कुणाचा हात लागला नाही. मी दावं ओढणार, तोच खालून एक बाई म्हणाली, "थांब गं माय." तिचे दिवस भरत आले होते, दवाखान्यात निघाली होती. ती चढली. तिच्यामागं एक पागोटेवाले आजोबा चढले. त्यांच्यामागं आणखी एक. गार्डनं दोनदा शिट्टी मारली. मास्तर घामाघूम झाले. आत्याबाई दारात उभ्या राहून एकेकाला म्हणत होत्या, "दांडी धरा, दांडी! खाली बघू नका!"

घडवंची वर आली तेव्हा डब्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि खिडकीकडे तोंड केलं. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते त्यांनी मला दिसू दिलं नाही.

आठवड्याभरात स्टेशनवर घडवंच्या, तिवया, पालथे डबे, एक तर मोडकी खुर्ची, असा बाजार मांडला गेला. प्रत्येकीच्या हातात काहीतरी. मास्तर डोकं धरून बसले. मग त्यांनी वर कळवलं, आणि उत्तर येईपर्यंत मुकादमाला बोलावून जागा दाखवली. स्टेशनामागे रचलेले जुने स्लीपर होतेच. वरून परवानगी मिळाल्यावर मुकादमानं नियमाचं अंतर सोडून, डबा थांबतो तिथं स्लीपरचे ओटे रचले, मुरूम टाकून ठोकून घेतले. काम चाललं होतं तोवर आत्याबाई रोज ताक घेऊन जात होत्या. खरा उंच फलाट पुढं केव्हातरी झाला. पण गावाला विचाराल तर फलाट आत्याबाईंनीच बांधला.

घडवंची घरी परतली. घागरी पुन्हा तिच्यावर बसल्या.

त्यानंतरच्या एका सुट्टीत आत्याबाई सकाळी म्हणाल्या, "ही गाडी इकडून परभणीला जाती. तिकडून कुठं जाती गं?"

"सेलू, परतूर, जालना. पुढं औरंगाबाद, मनमाड."

"जालन्याला आपलं कोण हाय?"

"कुणीच नाही."

"मंग जाऊन येऊ."

आम्ही गेलो. त्या खिडकीशी बसल्या, मांडीवर काही नाही, हातात काही नाही. वाटेभर दुसऱ्यांची शेतं बघत होत्या. "ह्यांची तूर बारीक हाय. ह्यांनी पाणी जास्ती सोडलंय. ही विहीर नवी दिसायलीय." जालन्याला उतरून आम्ही चहा प्यालो, केळी घेतली आणि परतीच्या गाडीत बसलो. परतूर गेलं तसा त्यांचा डोळा लागला. डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही.

सेलूला जाग आली तेव्हा त्यांनी आधी बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.

"आलं का आपलं?"

"अजून आहे."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.