ताप उतरल्याची संध्याकाळ

शहाद्याच्या कॉलेजात गणित शिकवणारी अल्पना म्हणजे विंचवालासुद्धा चिमट्यात धरून बाहेर टाकणारी बाई. पण आईचा ताप उतरला आणि ती घाबरून आपली वही उघडून बसली. चार दिवस फणफणलेल्या लाडकंवरबाई सकाळी उठून बसल्या. शेजारच्या जसोदाबाई म्हणाल्या, "ताप उतरी गया ना! आते कसानी चिंता करी ऱ्हायनी व माय?" भाऊ जिनेश तर निर्धास्त खाली दुकानात जाऊन बसला. कमाल आहे! घरात आनंदीआनंद आणि ही बया रडवेली.

कारण तिच्या वहीत होतं. एका शरीरात दोन विषाणू शिरले तर पुढे काय होतं, त्याची समीकरणं ती पाच वर्षं पीएच.डी.साठी मांडत होती. आणि दैव बघा, आईच्या रक्तात डेंग्यू आणि चिकुनगुनिया दोन्ही निघाले. वहीतल्या आलेखात विषाणूंच्या रेघा खाली येतात, ताप जातो, पण शरीराच्या प्रतिकाराची रेघ चढतच राहते. चोर पळाले तरी राखणदार दांडका फिरवत राहतो आणि घरचीच भांडी फोडतो, तसं. नेमकं तेव्हाच रक्तातलं पाणी झिरपू लागतं. डॉक्टरांनीही बजावलं होतं, ताप उतरल्यावर दोन दिवस पाणी पाजत राहा, हातपाय गार पडले तर तडक घेऊन या.

दिवसभरात आईच्या पोटात जेमतेम दोन ग्लास पाणी गेलं. आणि त्यात तो चौविहार! सूर्य मावळला की सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही, हा लाडकंवरबाईंचा तीस वर्षांचा नेम. तापात तो मोडला, त्याचंच त्यांना कोण दुःख. आता बरं वाटतंय म्हणून संध्याकाळी त्यांनी हात जोडून पुन्हा पचखाण घेतलं, म्हणजे नेमाची शपथच.

"मम्मी, पाणी पी."

"सूर्य मावळला."

अल्पना आलेख दाखवू लागली, टक्के सांगू लागली. आई हसली. "तुझ्या रेघांना नेमधर्म कळतो का गं?"

"पचखाणात आजाऱ्याला सूट असते. तूच शिकवलंस मला."

"जिवावर बेतलं तर! मी काय मरायला टेकलेय?"

अल्पनाला रडूच फुटलं. "हो मम्मी! तू मरशील या भीतीनं चार दिवस माझा डोळा लागलेला नाही."

 लाडकंवरबाईंनी तांब्याला हात घातला. तो हात अल्पनाच्या बोटांना लागला. गारढोण.

"जिनेश, गाडी काढ!" ती जिन्यातूनच किंचाळली.

गाडीत आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून घोट घोट पाणी पीत होती. ओठ कोरडे पडले होते.

"चार दिवस नुसते आकडे सांगत होतीस," त्या पुटपुटल्या. "भीती वाटते म्हणाली असतीस, तर मी पचखाण घेतलंच नसतं गं."

दवाखाना अजून दोन चौक लांब होता.