टेबलावर ठेवलेला अर्ज

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये आम्ही दोन बिनकामाची माणसं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत असायचो. एक मी. डिपेन्डन्ट व्हिसावर आलेली, नोकरी करायची सोय नाही. दुसरे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर नवऱ्यानं त्यांना आग्रहानं इकडे आणलं आणि आता परत पाठवायचं नाव काढत नव्हता. बाबांना मात्र ठाण्याला जायचं होतं. आपल्या फ्लॅटमध्ये राहायचं, सकाळी तळ्याला चक्कर मारायची, एवढंच त्यांचं म्हणणं. जेवताना ते विषय काढायचे, नवरा म्हणायचा, बघू ना बाबा, घाई काय आहे, की विषय संपला. बरं, त्याच्यावर चिडावं तर तेही जमेना. एकटा बाप तिकडे पडला-झडला तर कोण धावणार, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा मी गावातल्या लायब्ररीत फुकट काम धरलं. पगार नाही म्हणून व्हिसाला चालत होतं. राज्याच्या विधिमंडळाच्या कामकाजाची दीडशे वर्षांपूर्वीची पुस्तकं त्यांनी स्कॅन केली होती. कॉम्प्युटरनं वाचताना त्यात नको ते घोळ घातले होते, ते मूळ पानाशी ताडून निस्तरायचे, हे माझं काम. मैत्रिणींनी यथेच्छ टिंगल केली. शॉपिंगला यायचं सोडून कसली मढी उकरत बसलीयस यार, म्हणाल्या. नवराही हसला. एकटे बाबा तेवढे रोज सकाळी विचारायचे, ऑफिसला निघालीस का? त्या 'ऑफिस' शब्दासाठी मी अजून त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते.

बाबा मुंबईला विधान भवनात लघुलेखक होते. आमदारांची भाषणं टिपून घ्यायची, हिवाळ्यात अधिवेशनाबरोबर नागपूरला जायचं, यात त्यांची उभी नोकरी गेली. त्यामुळे घरातही भाषा तीच. ओट्यावरचं पातेलं टेबलावर आणून ठेवलं तरी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, आमटी सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येत आहे. कागद पटलावर ठेवला, म्हणजे तो रीतसर सगळ्यांसमोर आला, असा त्यांच्याकडचा अर्थ. तर मी एके दिवशी त्या जुन्या विधिमंडळाच्या एका दिवसाच्या कामकाजाची प्रिंट घरी आणली. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि चहाला बोलावलं तरी उठेनात.

तसं त्या दिवशी विशेष काहीच घडलं नव्हतं. प्रार्थना झाली, हजेरी झाली, कालचं इतिवृत्त वाचलं. एका सदस्याला आजारपणाची रजा दिली. मोकाट डुकरांच्या विधेयकाला दुरुस्ती आली. सभागृहाच्या शेगडीला लाकडं कोणी पुरवायची, यावर कितीतरी बोलणं झालं. कोणीतरी तहकुबी मागितली, ती नामंजूर झाली, थोड्या वेळानं परत मागितली, ती मंजूर. जेवायची वेळ झाली असणार, आमच्याकडेही अस्संच, असं म्हणून बाबा खुदकन हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

या सगळ्याच्या मधेच एका विधवेचा अर्ज होता. नवरा नदीवर होडी चालवायचा, माणसं पलीकडे न्यायचा परवाना त्याच्या नावावर होता. तो गेला, आता होडी मला चालवू द्या, अशी तिची विनंती. पुढे एकच ओळ होती, अर्ज टेबलावर ठेवला. बाबा म्हणाले, आला पटलावर, आता चर्चेला येणार. मलाही तसंच वाटलं.

मग मी रोज पुढची पानं आणू लागले. डुकरं परत आली, लाकडं परत आली, छपाईच्या कंत्राटावरून भांडणं झाली, बाईचा मात्र पत्ता नाही. मी घरात पाऊल टाकायच्या आत बाबा विचारायचे, आली का आपली बाई? ठाण्याचा विषय थोडे दिवस मागे पडला. बाबा रमले बघ, असं नवरा मला म्हणाला, तेव्हा मी इतकी भडकले. रमले कसले, ते वाट बघत होते!

शेवटी मी लायब्ररीत माझं काम तपासणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. इकडे टेबलावर ठेवला म्हणजे बाजूला सारला. नाही म्हटलं नाही, म्हणजे वाईटपणा कोणाकडेच नाही. तो अर्ज परत वर काढायचा तर कोणीतरी उभं राहून तशी सूचना मांडायची, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग मतं. कोणी उठलंच नाही, तर अधिवेशनाबरोबर अर्जही संपला.

घरी आल्यावर मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचा कप विसळून ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले.

रात्री पिठलं-भात होता. बाबांनी ठाण्याचं काढलं. नवरा सवयीनं म्हणाला, "बघू ना बाबा."

बाबा ताटाकडे बघतच म्हणाले, "अरे, माझा अर्ज तू टेबलावर ठेवलायस. इथल्या अर्थानं."

नवऱ्याला काही कळेना. मला कळलं. मी वाढायला उठलेच होते, ती हातात डाव घेऊन तशीच उभी राहिले आणि म्हटलं, "बाबांचा अर्ज टेबलावरून उचलून आत्ता विचारात घ्यावा, अशी मी सूचना मांडते."

काय चाललंय तुमचं, असं तो हसत म्हणाला. मग उभ्या उभ्याच मी त्याला सगळं सांगितलं, ती बाई, तिची होडी, टेबलाचा इथला अर्थ आणि तिथला. त्याचं हसू हळूहळू गेलं. बाबांनी वर पाहिलं नाही. तो बराच वेळ भात नुसता कालवत राहिला, मग मान खाली घालूनच म्हणाला, "अनुमोदन." मतं घ्यायची वेळच आली नाही.

बाबा ठाण्याला गेले. शेजारच्या काकूंकडे किल्ली, रोज सकाळी त्यांनी बेल वाजवायची, अशा सतरा अटी घालून नवऱ्यानं त्यांना विमानात बसवलं. तिकडून ते दर रविवारी फोन करायचे. मी तोवर त्या अधिवेशनाचं शेवटचं पान तपासून संपवलं होतं. एका रविवारी त्यांनी विचारलं, आपल्या बाईचं काय झालं गं शेवटी?

मी म्हटलं, "कोणी उठलंच नाही हो तिच्यासाठी."

मग ते म्हणाले, "तू उठलीस बाळ माझ्यासाठी."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.